दात्याचा हेतू आणि निधीचे आयुष्य

गेल्या वर्षी श्रावणात आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक अर्ज आला. सेरेब्रल पाल्सीने ग्रस्त असलेल्या मुलांसाठी काही पालकांनी एकत्र येऊन शहराच्या पूर्व भागात एक छोटे केंद्र चालवले आहे. भाड्याच्या दोन खोल्या, आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या एक फिजिओथेरपिस्ट आणि आळीपाळीने राबणाऱ्या माता, एवढाच त्यांचा संसार. बारा मुलांच्या पायांचे स्प्लिंट आणि सहा महिन्यांचे भाडे, इतकेच साहाय्य त्यांनी मागितले होते. मंडळाकडे अपंग मुलांसाठी एक निधी शिल्लक आहे, असे त्यांच्या कानावर आले होते.

ही माहिती खरी होती. आपल्या एका दिवंगत ज्येष्ठ सदस्यांनी १९८३ साली पन्नास हजार रुपयांची ठेव मंडळाच्या स्वाधीन केली होती. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. व्याजातून कितीतरी मुलांना कॅलिपर मिळाले. मग मागणी आटत गेली, ठेवीचे नूतनीकरण तेवढे होत राहिले आणि रक्कम पावणेदोन लाखांवर गेली. अडचण होती ती दानपत्रातील एका वाक्याची. 'या ठेवीचे व्याज पोलिओग्रस्त मुलांना कॅलिपर व विशेष पादत्राणे देण्यासाठीच वापरावे,' असे ते वाक्य होते. त्यातल्या त्या 'च'पुढे कार्यकारिणीचा नाइलाज झाला. चिटणीस या नात्याने नकाराचे पत्र मीच लिहिले.

आठवड्याभराने त्या केंद्रातील एक आई मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. नेहमीप्रमाणे गुजरातीत बोलत होती. जाताना सहज विचारावे तसे तिने विचारले, "डॉक्टरबेन, पोलिओच्या मुलाचा पट्टा आणि माझ्या मुलाचा पट्टा, दोन्ही बनवणारा कारीगर एकच आहे. मग पैसे वेगळे कसे?" तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच मला उत्तर सुचले नाही.

रोग गेला, निधी उरला

आमच्या पिढीच्या बालरोगतज्ज्ञांना पोलिओविषयी काही सांगावे लागत नाही. नव्वदच्या दशकात मी निवासी डॉक्टर होते तेव्हा ताप येऊन गेल्यावर एक पाय लुळा पडलेली मुले आम्ही पाहत होतो. १९९५ साली देशात पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या पंधरा वर्षांत जे घडले ते भारतीय सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील एक सोन्याचे पान आहे. जानेवारी २०११मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह संपूर्ण आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

म्हणजे ज्या दुःखावर फुंकर घालण्यासाठी आपल्या ज्येष्ठांनी ठेव ठेवली, ते दुःखच लसीने दूर केले. याहून आनंदाची गोष्ट कोणती? परंतु त्या आनंदाबरोबर त्यांचे दानही थिजून गेले. पोलिओच्या जुन्या लाटेतील रुग्ण आज प्रौढ आहेत. दानपत्र मात्र 'मुलांना' म्हणते.

क्लीव्हलंडमधील ओळख

दिवाळीनंतर मी मुलीकडे अमेरिकेत क्लीव्हलंड येथे गेले. ईरी सरोवराच्या काठचे हे जुने औद्योगिक शहर. मुलगी शनिवारी लहान मुलांच्या एका वाचनकेंद्रात स्वयंसेवक म्हणून जाते. तिच्याबरोबर मीही गेले. तेथील संचालिकेशी बोलताना कळले की, केंद्राला शहराच्या 'कम्युनिटी फाउंडेशन'कडून अनुदान मिळाले आहे. कशासाठी, असे विचारताच त्या हसून म्हणाल्या, "हिशेबनिसाच्या पगारासाठी." पुस्तके, रंगपेट्या, मुलांचा खाऊ यांना देणगीदार मिळतात. हिशेबनिसाला कोणी मिळत नाही, आणि हिशेब नीट नसेल तर पुढची कोणतीच मदत मिळत नाही. हे उत्तर ऐकून मला आपले नकाराचे पत्र आठवले आणि या संस्थेविषयी मी जमेल तेवढे वाचून काढले.

कम्युनिटी फाउंडेशनला आपण सोयीसाठी 'समाजनिधी' म्हणू. एका गावातील किंवा प्रदेशातील अनेकांनी, लहान-मोठ्या रकमांनी, बहुधा मृत्युपत्राने उभा केलेला हा कायमस्वरूपी निधी असतो. मुद्दल गुंतवलेले राहते आणि दरवर्षी उत्पन्नातून साधारणतः चार-पाच टक्के रक्कम त्याच प्रदेशातील सेवाभावी संस्थांना अनुदान म्हणून दिली जाते. निधी स्वतः शाळा वा दवाखाना चालवत नाही. जे चालवतात त्यांना तो उभे राहण्याचे बळ देतो.

या कल्पनेचा उगम क्लीव्हलंडमध्येच झाला. फ्रेडरिक गॉफ हे तेथील क्लीव्हलंड ट्रस्ट कंपनी या बँकेचे अध्यक्ष. मूळचे ते वकील. श्रीमंतांची मृत्युपत्रे सांभाळताना त्यांच्या लक्षात आले की, मृत माणसाचा हात जिवंतांच्या गळ्याभोवती आवळला जातो. दाता आपल्या काळातील गरज पाहून अट घालतो, काळ पुढे जातो आणि पैसा अटीपाशी अडकून राहतो. याची ठळक उदाहरणे अमेरिकेतच होती. सेंट लुई शहराचे माजी महापौर ब्रायन मुलान्फी १८५१ साली वारले. पश्चिमेकडे वसाहतीसाठी निघालेले जे गरीब प्रवासी सेंट लुईमार्गे जातील त्यांच्या मदतीसाठी त्यांनी आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा ठेवला होता. पुढे आगगाड्या आल्या आणि बैलगाड्यांचे ते तांडेच थांबले. बेंजामिन फ्रँकलिनसारखा द्रष्टाही यातून सुटला नाही. १७९० साली त्यांच्या निधनानंतर बॉस्टन व फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी एक हजार पौंड मिळाले. उमेदवारी पूर्ण केलेल्या, पंचविशीच्या आतील विवाहित कारागिरांना त्यातून पाच टक्के व्याजाने कर्ज द्यायचे होते. उमेदवारीची पद्धतच लयाला गेली आणि कर्जदार मिळेनासे झाले. फ्रँकलिन यांनी दोनशे वर्षांची मुदत आखून दिली असल्यामुळे १९९० साली तो पैसा मोकळा झाला. आपल्या दानपत्रात तशी मुदतही नाही.

गॉफ यांनी यावर जो उपाय योजला तो २ जानेवारी १९१४ रोजी बँकेच्या संचालक मंडळाने ठरावाद्वारे स्वीकारला आणि 'क्लीव्हलंड फाउंडेशन' जन्माला आले. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली अशी की, पैसा सांभाळणारे हात आणि पैसा वाटणारे हात वेगळे ठेवले गेले. मुद्दल बँकेने सांभाळायचे, परंतु ते कोणाला द्यायचे हे पाच नागरिकांच्या समितीने ठरवायचे. त्या पाचांपैकी दोघांचीच नेमणूक बँकेकडे होती. उरलेले तिघे महापौर, संघीय न्यायालयाचे न्यायाधीश आणि मृत्युपत्रांच्या न्यायालयाचे न्यायाधीश यांनी एकेक नेमायचे होते. दुसरी गोष्ट आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाणारी आहे. दात्याने सांगितलेला हेतू कालबाह्य झाला, अशक्य ठरला किंवा गावाच्या गरजेला धरून राहिला नाही, तर तो बदलण्याचा अधिकार समितीला प्रारंभापासूनच दिला गेला. दान देतानाच दात्याला हे ठाऊक असते आणि मान्यही असते.

निधी स्थापन झाला तरी पैसा लगेच आला नाही, कारण मृत्युपत्रे अमलात येण्यास वेळ लागतो. त्या रिकाम्या वर्षांत गॉफ यांनी जे केले ते आपणा वैद्यकीय मंडळींना पटेल. उपचाराआधी त्यांनी निदान केले. १९१५-१६मध्ये लिओनार्ड एअर्स यांच्या देखरेखीखाली शहरातील शाळांची सविस्तर पाहणी झाली. १९२२ साली रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर या कायदेपंडितांच्या मार्गदर्शनाखाली फौजदारी न्यायव्यवस्थेची पाहणी प्रसिद्ध झाली. शहराला नेमके कोठे दुखते आहे, हे पैसा हाती येण्यापूर्वीच जाणून घेतले गेले.

दुखण्याची जागाही बदलत गेली. १९५०च्या जनगणनेत क्लीव्हलंडची वस्ती नऊ लाखांहून अधिक होती, ती २०२०मध्ये पावणेचार लाखांच्याही आत आली. कारखाने गेले, मोहल्ले ओस पडले. १९१४च्या अटींवर चालणारा निधी या शहराच्या काहीच कामी आला नसता. २००८ साली फाउंडेशनने शहरातील मोठी रुग्णालये व विद्यापीठ यांना एकत्र आणून गरीब वस्त्यांत कामगारांच्या मालकीचे सहकारी उद्योग उभे करण्याचा उपक्रम हाती घेतला. त्यातला पहिला उद्योग होता रुग्णालयांच्या चादरी धुणारी लाँड्री. ती २००९मध्ये सुरू झाली. रुग्णालयातील मळकी चादर शेजारच्या वस्तीतील माणसाला रोजगार देऊ शकते आणि कालांतराने उद्योगात भागीदारही करू शकते, हा विचार गॉफ यांच्या काळी कोणाच्या मनात आला असता? २०२३ साली फाउंडेशनने आपले कार्यालयही शहराच्या मध्यभागातून हफ या वस्तीच्या कडेला हलवले. १९६६च्या दंगलींमुळे हफचे नाव सर्वत्र झाले होते.

हे वाचून कोणी असे समजू नये की, तेथे सारे आलबेल आहे. अमेरिकेतील मोठ्या शहरांपैकी दारिद्र्याचे प्रमाण अधिक असलेल्या शहरांत क्लीव्हलंडची आजही गणना होते. शतकभराचे अनुदानही दारिद्र्य मिटवू शकलेले नाही. अर्जांची भाषा ज्यांना जमते त्यांनाच अनुदान मिळते, मोठ्या देणगीदाराच्या आवडीनिवडींचे वजन पडते, असे आक्षेप अशा संस्थांवर घेतले जातात व ते निराधार नाहीत. सरकारने जे करायचे ते समाजनिधीने करावे, अशी अपेक्षाही धरता येत नाही. अडलेल्या संस्थेला वेळेवर हात देणे, एवढेच त्याचे काम आहे. पण तेवढे काम तो पिढ्यान्‌पिढ्या करू शकतो, ते केवळ हेतू बदलण्याच्या मोकळिकीमुळे.

अनुदान देण्याची रीत

अनुदान देणे म्हणजे धनादेशावर सही करणे नव्हे, हे त्या संचालिकेच्या बोलण्यातून मला कळले. प्रथम एक-दोन पानांचे पत्र जाते: आम्ही कोण, काय करतो, किती हवे. ते पटले तर सविस्तर अर्ज, मागील वर्षांचे हिशेब, विश्वस्तांची नावे. त्यानंतर निधीचा माणूस प्रत्यक्ष भेटीला येतो. त्यांच्याकडे आलेल्या बाईंनी मुलांची वाचनाची वही पाहिली, शौचालय पाहिले आणि छताचा ओला डागही पाहिला. मंजुरीच्या वेळी ज्या सभासदाचा अर्जदार संस्थेशी संबंध असतो तो चर्चेतून बाहेर पडतो. वर्षअखेर अहवाल द्यावा लागतो आणि त्यात काय जमले नाही हेही मोकळेपणाने लिहिता येते, त्यामुळे पुढचे अनुदान आपोआप बंद होत नाही.

यातून एक फरक स्पष्ट झाला. आपल्याकडे देणगी बहुधा दिसणाऱ्या वस्तूला मिळते. पंख्यावर, बाकावर, पाण्याच्या टाकीवर नाव घालता येते. भाडे, वीजबिल, आयाचा पगार यांवर नाव कोरता येत नाही. वस्तुतः छोट्या संस्थेचा जीव याच खर्चात अडकलेला असतो. दान मिळालेले यंत्र चालवणाऱ्याच्या पगाराअभावी कोपऱ्यात झाकून ठेवलेले आपण अनेकांनी पाहिले आहे.

आपल्या देशात ही गरज अलीकडे अधिक जाणवते. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराहून मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कार्यासाठी खर्च करावे लागतात. मात्र दोन खोल्यांतील केंद्र सहसा त्यांच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही. विदेशी देणगीविषयक कायद्यातील २०२०च्या दुरुस्तीनंतर, परदेशातून देणगी मिळालेली मोठी संस्था ती रक्कम दुसऱ्या लहान संस्थेला देऊ शकत नाही. तेव्हा गावातल्या छोट्या कामाला गावातलाच पैसा लागणार, हे उघड आहे.

ही कल्पना आपल्या मातीला परकीही नाही. व्यापाऱ्यांच्या महाजनांनी चालवलेल्या पांजरापोळ आणि धर्मशाळा गुजरातेत शतकानुशतके आहेत. आपल्या वडोदऱ्यात १९६६ साली विद्यापीठ, उद्योजक आणि नागरिक यांच्या सहकार्याने 'बरोडा सिटिझन्स कौन्सिल' स्थापन झाली. मुंबईत १९९१ साली 'बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट' हा समाजनिधी सुरू झाला. आपल्या मंडळाचे निधी त्यांच्यापुढे अगदी किरकोळ आहेत. परंतु प्रश्न तोच आहे.

तो 'च' आणि आपण

परत आल्यावर मी हा विषय कार्यकारिणीपुढे ठेवला. एका ज्येष्ठ सदस्यांनी कडक विरोध केला. ते म्हणाले, "आज तुम्ही 'पोलिओ' खोडाल, उद्या 'मुलांसाठी' खोडाल आणि परवा त्या पैशांतून सभागृहाला रंग द्याल. मग मंडळावर विश्वास ठेवून कोण देणगी देईल?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. दात्याने आपल्यावर टाकलेला विश्वास हेच मंडळाचे खरे भांडवल आहे आणि ते मुद्दलाहून मोठे आहे.

परंतु विश्वास दोन्ही बाजूंनी मोडता येतो. अटीबाहेर खर्च करून जसा तो मोडतो, तसाच अटीआड बसून काहीच न केल्यानेही मोडतो. पहिल्या गुन्ह्याला लेखापरीक्षक पकडतो. दुसरा ताळेबंदात शिल्लक म्हणून शोभून दिसतो. गेली कित्येक वर्षे आपण हा दुसरा गुन्हा करीत आलो आणि वार्षिक सभेत तो टाळ्या वाजवून मंजूरही केला. त्या पत्रावर सही माझी होती, म्हणून हे मला बोलण्याचा अधिकार आहे असे मी मानते.

कायद्यानेही यावर मार्ग ठेवलेला आहे. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे, न्यासाचा मूळ हेतू पूर्ण करणे शक्य वा व्यवहार्य राहिले नसेल तर धर्मादाय आयुक्तांमार्फत न्यायालयाकडे जाऊन निधीचा वापर मूळ हेतूच्या शक्य तितक्या जवळच्या कार्यासाठी करण्याची परवानगी घेता येते. या तत्त्वाला कायद्याच्या भाषेत 'सी-प्रे' म्हणतात. जुन्या फ्रेंचमधील त्या शब्दाचा अर्थच 'शक्य तितक्या जवळ' असा आहे. पोलिओच्या कॅलिपरला सेरेब्रल पाल्सीच्या स्प्लिंटहून जवळचे दुसरे काय असेल?

त्या ज्येष्ठांच्या कन्या आज सत्तरीच्या आहेत. मी त्यांना भेटून सारे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबा दवाखान्यातून आले की कोणत्या मुलाने आज पहिले पाऊल टाकले ते सांगायचे. रोगाचे नाव सांगितलेले मला आठवत नाही." त्यांनी आपली लेखी संमती दिली आहे. कायद्याच्या दृष्टीने तिला किती वजन आहे हे वकील सांगतील. माझ्यापुरता प्रश्न तेथेच मिटला.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत यासंबंधी दोन ठराव येतील. पहिला ठराव या निधीपुरता आहे: 'चालण्यास आधाराची गरज असलेल्या मुलांसाठी' असा हेतूचा विस्तार करण्याची परवानगी मागण्याचा. दुसरा ठराव पुढच्या देणग्यांविषयी आहे. यापुढे प्रत्येक देणगीपत्रात एक वाक्य असावे की, हेतू कालबाह्य झाल्यास मंडळाला तो त्याच्या जवळच्या कार्याकडे वळवता येईल. त्यासाठी सभेचे तीन-चतुर्थांश मत लागावे आणि कारणे इतिवृत्तात लिहिली जावीत. अनुदान ठरवणाऱ्या समितीत डॉक्टरांखेरीज एक शिक्षक आणि एक पालक असावा. अर्जदार संस्थेतील मुले ज्या डॉक्टरांकडे उपचार घेतात त्यांनी त्या चर्चेत बसू नये, आणि यात सर्वप्रथम मीच येते. दरवर्षीच्या अनुदानातील काही हिस्सा भाडे, पगार अशा न दिसणाऱ्या खर्चासाठी राखून ठेवावा. ज्या ज्येष्ठांनी विरोध केला होता, त्यांनीच तीन-चतुर्थांशाची अट सुचवली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

समाजनिधी म्हटले की धनिकांचाच तो प्रांत, असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून कॅनडातील विनिपेगची एक हकिकत सांगून थांबते. १९२१ साली अलोवे नावाच्या सावकाराने एक लाख डॉलर देऊन तेथील निधी स्थापन केला. दुसरी देणगी आली ती १९२४ साली. एका लिफाफ्यात पाच-पाच डॉलरची तीन सोन्याची नाणी होती आणि बायबलातील गरीब विधवेच्या दानाची आठवण देणारे दोन शब्द त्यावर लिहिले होते. देणारीचे नाव नव्हते, कोणतीही अट नव्हती. लाख डॉलरइतक्याच आदराने त्या पंधरा डॉलरची आठवण तेथे आजही काढली जाते.

न्यायालयाच्या परवानगीला वेळ लागेल. त्या बारा मुलांचे पाय मात्र वाढत आहेत, आणि वाढत्या पायाचा स्प्लिंट वर्षभरात लहान होतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तोवरच्या सोयीसाठी कार्यकारिणीतील आम्ही काही जणांनी आपापसांत वर्गणी काढली असून चार मुलांचे स्प्लिंट तयार झाले आहेत. उरलेल्या आठ मुलांच्या पायांची मापे माझ्याकडे आहेत.